दूध रक्तातून किती, गोठ्यातून किती: कोकणातल्या पशुपालकासाठी हिशेब

घाटावर बारा लिटर दूध देणारी मुऱ्हा म्हैस कोकणात उतरली की दोन महिन्यांत सात-आठ लिटरवर येते, आणि बोल लागतो जातीला. दुसरीकडे मार्चमध्ये व्यालेली पहिलारू (पहिल्या वेताची म्हैस) उन्हाळाभर जेमतेम दूध देते म्हणून बाजार दाखवला जातो, आणि तिच्याबरोबर गोठ्यातले सर्वांत चांगले रक्तही जाते. दोन्ही ठिकाणी चूक तीच असते. भांड्यात दिसणारे दूध जनुकांचे आणि परिस्थितीचे मिळून आलेले असते, आणि कोणाचा वाटा किती हे न पाहता आपण जनावर घेतो, विकतो, वळू ठरवतो. हा वाटा वेगळा काढता येतो. त्यासाठी एक काटा, एक वही आणि वर्षभराची चिकाटी एवढेच लागते.

कोणता गुण किती आनुवंशिक

एकाच कळपातल्या जनावरांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती भाग आनुवंशिक आहे याचे ढोबळ आकडे पाठ असावेत. दुधातल्या फॅटची टक्केवारी ४० ते ५० टक्के आनुवंशिक. एका वेताचे एकूण दूध साधारण २५ ते ३० टक्के. कासेची ठेवण आणि सडांची मांडणी २० ते ३० टक्के. गाभण राहणे, दोन वेतांतले अंतर, दगडी (कासेची सूज) होण्याची प्रवृत्ती हे सगळे १० टक्क्यांच्या आत.

याचा व्यवहारातला अर्थ असा. म्हैस वारंवार उलटत असेल, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नसेल, तर तिची आई किंवा वळू शोधत बसू नका. खनिजे, जंत, उष्णता, माज ओळखण्याची वेळ आणि रेतनाची पद्धत तपासा. दहापैकी नऊ वेळा उत्तर तिथेच सापडते. फॅट मात्र पिढ्यान्‌पिढ्या कमी असेल तर पेंड वाढवून ते फारसे चढणार नाही, तिथे वळू बदलावा लागतो.

हे प्रमाण एका जातीच्या, एका कळपाच्या आतले आहे. दोन जातींमधला फरक ही वेगळी गोष्ट. कोकण कपिला गायीच्या अंगावर होल्स्टीन संकरित गायीपेक्षा गोचीड कमी टिकते. तो गुण रक्ताचाच आहे. कोकण कपिला ही आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंद झालेली जात आहे. 'गावठी' म्हणून तिला कोणत्याही वळूकडे सोडण्याचे दिवस संपायला हवेत.

आणखी एक लक्षात ठेवा: दूध आणि फॅटची टक्केवारी यांचे नाते उलटे आहे. फक्त लिटर पाहून निवड करत गेलात तर काही पिढ्यांत फॅट हळूहळू खाली येते. संकलन केंद्रावर पैसे फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मिळतात, तेव्हा तुलनाही त्याच मापाने करा. सोपे सूत्र असे: लिटरला ०.४ ने गुणा; फॅट किती किलो येते ते काढून त्याला १५ ने गुणा; दोन्हींची बेरीज करा. सगळ्यांचे दूध ४ टक्के फॅटच्या एका मापावर येते. ७ टक्के फॅटचे १० लिटर देणारी म्हैस: ४ + (१५ × ०.७) = १४.५. साडेतीन टक्क्यांचे १४ लिटर देणारी होल्स्टीन संकरित: ५.६ + (१५ × ०.४९) = साधारण १३. पाच टक्क्यांचे ११ लिटर देणारी जर्सी संकरित: ४.४ + ८.२५ = १२.६५. भांडे पाहून लागलेला क्रम इथे बदलतो: सर्वांत मागची म्हैस पहिली येते.

वही कशी लिहायची

रोज दूध मोजण्याची गरज नाही. महिन्यातला एक दिवस ठरवा, समजा दर १० तारीख. त्या दिवशी संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची धार काट्यावर वजन करून लिहा. मापाने मोजलेत तर फेस मोजला जातो. त्याआधीची, म्हणजे १० तारखेच्या सकाळची धार पूर्ण काढलेली हवी, नाहीतर राहिलेले दूध पुढच्या नोंदीत शिरते. दोन्ही वेळच्या बेरजेला ३० ने गुणले की त्या महिन्याचे दूध मिळते. चीक संपल्यावर, म्हणजे विल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवसानंतर नोंद सुरू करा आणि ३०५ दिवसांवर थांबवा, मग जनावर पुढे दूध देवो किंवा न देवो.

कोकणात बहुतेक ठिकाणी रेडकू पाजून पान्हा सोडवतात. नोंदीच्या दिवशी रेडकाचे वजन पाजण्याआधी आणि पाजल्यावर करा. फरक तेवढे दूध ते प्याले. हे सोडून दिले तर जिचे रेडकू जास्त पिते ती म्हैस वहीत निकामी दिसते.

प्रत्येक जनावराच्या पानावर इतकी माहिती असावी: कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, आईचा क्रमांक, वळूचा क्रमांक, विल्याची तारीख, कितवे वेत, प्रत्येक रेतनाची तारीख, दगडी किंवा इतर आजार, आटवल्याची तारीख. रेतन झाले की वीर्याची रिकामी कांडी फेकू नका. वळूचा क्रमांक, जात, वीर्य गोठवल्याची तारीख आणि केंद्राची खूण त्या कांडीवरच छापलेली असते. तिचा कोरडा तुकडा चिकटपट्टीने त्या पानावर लावून ठेवा. तीन वर्षांनी कालवड माजावर येईल तेव्हा तिचा बाप कोण हे सांगणारा तोच एक पुरावा तुमच्या हातात असतो.

आकडे एका पातळीवर आणणे

वहीतले आकडे थेट ताडून पाहू नका. पहिलारू तिच्या पूर्ण क्षमतेच्या साधारण ७५ टक्के दूध देते, दुसऱ्या वेतात ८५ ते ९०, तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण. म्हणून पहिल्या वेताच्या ३०५ दिवसांच्या दुधाला १.३३ ने आणि दुसऱ्याला १.१५ ने गुणा. मग हंगाम पहा. सप्टेंबरमध्ये व्यालेल्या म्हशीचा भर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो, तेव्हा चारा हिरवा आणि हवा निवळलेली असते. मार्चमध्ये व्यालेलीचा भर एप्रिल-मेच्या उकाड्यात, कोरड्या पेंढ्यावर आणि आटलेल्या विहिरीवर येतो. एका हंगामात व्यालेल्या जनावरांची तुलना आपसातच करा.

समजा, तिसऱ्या वेताची म्हैस सप्टेंबरात व्याली आणि तिने १७५० लिटर दिले. दुसरी पहिलारू मार्चमध्ये व्याली, तिचे १४०० लिटर झाले. सरळ पाहिले तर पहिली म्हैस ३५० लिटरने पुढे. वेताची दुरुस्ती केली की दुसरीचे १८६२ होतात, आणि तेही वाईट हंगामात. विकायची वेळ आलीच तर ही दुसरी ठेवा.

आता वाटा काढण्याचा खरा हिशेब. दोन प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी येतात: ही म्हैस पुढच्या वेताला किती देईल, आणि हिच्या रेडीत किती उतरेल? गोठ्याची दुरुस्त सरासरी १५०० लिटर आणि एका म्हशीचे दूध २१०० धरा. फरक ६०० लिटर. एकाच वेताची नोंद असेल तर पुढच्या वेतात या फरकाच्या साधारण ४५ टक्के टिकतात, म्हणजे सरासरीहून २७० लिटर जास्त अपेक्षित. तीन वेतांच्या सरासरीवर हा फरक असेल तर ७१ टक्के, म्हणजे साधारण ४२५ लिटर. हे झाले तिचे स्वतःचे. रक्ताचा वाटा एका वेतावरून २५ टक्के, म्हणजे १५० लिटर. तीन वेतांवरून जवळपास ४० टक्के, म्हणजे २३७. रेडीला आईकडून त्यातले निम्मेच मिळते: ७५ किंवा सुमारे ११८ लिटर. सहाशे लिटरने पुढे असलेल्या म्हशीची रेडी सरासरीहून पाऊणशे ते सव्वाशे लिटरने पुढे असेल एवढीच अपेक्षा ठेवा. त्यापेक्षा जास्त किंमत देऊन नुसत्या आईच्या नावावर रेडी घेऊ नका.

४५ आणि २५ यांच्यातला जो फरक राहतो, त्यात बरेच काही दडलेले असते. जनावराच्या अंगाला कायमचे चिकटलेले पण रक्तात न उतरणारे परिणाम त्यात येतात: लहानपणीची उपासमार, वासरू असताना झालेला फुफ्फुसदाह, दगडीने गेलेला एक सड. सड आंधळा झालेल्या म्हशीचे दूध आयुष्यभर कमी राहील, पण तिच्या रेडीचे चारही सड शाबूत असतात. अशी म्हैस काढायची झाली तरी तिची रेडी ठेवा. उलट उदाहरण जुळ्यांचे. गायीला पाडा आणि पाडी अशी जुळी झाली तर त्यातली पाडी दहापैकी नऊ वेळा वांझ निघते, कारण गर्भाशयात भावाच्या रक्ताबरोबर त्याचे संप्रेरक तिच्याकडे येते. तिची आई कितीही दुधाची असो, तिला वाढवण्यात चारा घालू नका.

वळू: कायमची गुंतवणूक

आईचा वाटा एका रेडीपुरता असतो, वळूचा सगळ्या गोठ्याला. म्हणून पैसा आणि डोके वळूवर खर्च करा.

पहिली सवय सोडायची ती 'आईचे दूध ४००० लिटर' या जाहिरातीवर भुलण्याची. ते दूध संघटित फार्मवर, तोलून दिलेल्या खाद्यावर, पंख्याखाली निघालेले असते. त्यातला मोठा भाग त्या गोठ्याचा आहे. विचारायचे ते वळूचे प्रजनन मूल्य, म्हणजे त्याच्या रक्तातला दुधाचा वाटा सरासरीहून किती जास्त, तेही त्याच्या मुलींच्या दुधावरून किंवा जनुकीय तपासणीवरून काढलेले. प्रजनन मूल्य अधिक ४०० लिटर असेल तर मुलींना सरासरी अधिक २०० मिळतील. जनुकीय तपासणीसाठी भारतीय गायींची 'गौ चिप' आणि म्हशींची 'महिष चिप' आल्यापासून तरुण वळूचे मूल्य मुली दुधात येण्याआधी अजमावता येते. वीर्य केंद्राकडे ती यादी मागा. रेतने वारंवार वाया जात नसतील तर निवडक चांगल्या म्हशींना लिंगनिर्धारित वीर्यमात्रा वापरा, सुमारे ९० टक्के माद्या होतात. उलटणाऱ्या म्हशीवर ती महाग मात्रा घालवू नका, त्या मात्रेत शुक्राणूंची संख्या आधीच कमी असते.

गायींत संकराची टक्केवारी चढवत नेणे ही कोकणातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गावठी गाय आणि शुद्ध जर्सी वळू यांची कालवड ५० टक्के विदेशी रक्ताची. तिला पुन्हा शुद्ध जर्सी दिला की ७५, मग ८७.५. पन्नास टक्क्यांपर्यंत दूध वाढते आणि संकराचा जोमही पूर्ण मिळतो. पंचाहत्तरच्या पुढे कोकणच्या दमट हवेत गोचीडताप, गर्भधारणेतला उशीर आणि औषधांचा खर्च दुधाची वाढ खाऊन टाकतो. ५० टक्क्यांच्या गायीला ५० टक्क्यांच्याच सिद्ध संकरित वळूची मात्रा द्या; प्रमाण ५० वर राहते. ६२.५ ही वरची मर्यादा समजा. ५० × ५० मध्ये संकराचा निम्मा जोम कमी होतो हे खरे, म्हणून या पिढीत वळू चांगला तपासलेला हवा. किनारपट्टीला होल्स्टीनपेक्षा जर्सीचे रक्त बरे. अंग लहान, चारा कमी, उष्णता सोसण्याची ताकद जास्त, फॅटही वर.

आणखी एक गोष्ट खास कोकणातली. भातकापणी झाली की गुरे मोकळी सुटतात आणि वाडीतला एकच पाडा वर्षानुवर्षे सगळ्या गायींना लागतो, स्वतःच्या मुलींनासुद्धा. बाप-मुलीच्या संबंधातून झालेल्या वासरात नात्यातल्या पैदाशीचे प्रमाण २५ टक्के येते, सावत्र भावंडांच्या संबंधातून साडेबारा. दूध घटते, वासरे अशक्त होतात, माज लांबतो. वाडीने मिळून एकच पाडा ठेवायचा असेल तर त्याच्या मुली माजावर येण्याआधी, म्हणजे दोन ते अडीच वर्षांत तो दुसऱ्या गावच्या पाड्याशी बदला. बाकीच्या पाड्यांचे बर्डिझो चिमट्याने खच्चीकरण वेळेत करून घ्या. कोकण कपिलेचा शुद्ध कळप राखायचा असेल तर हे आणखी गरजेचे आहे, कारण एका संकरित पाड्याचा हंगाम पुढच्या दोन पिढ्यांत दिसतो.

रेतनाच्या वेळी कांडी ३७ अंश पाण्यात ३० सेकंद धरली जाते का, पाण्यात तापमापी आहे का, हे समोर उभे राहून पहा. अंदाजाने कोमट केलेल्या पाण्यात चांगल्या वळूचे वीर्यही मरते, आणि मग वळूच 'फेल' ठरतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन. म्हशीचा मुका माज उन्हाळ्यात दिवसा दिसत नाही. पहाटे पाचला आणि रात्री नऊ-दहाला निरणातून लोंबणारा चिकट सोट, वारंवार लघवी, पान्हा चोरणे पहा.

कोकणची हवा मोजून घ्या

मे महिन्यात साताऱ्यात ३८ अंश आणि रत्नागिरीत ३३ अंश असले की कोकणची गुरे सुखी असा समज होतो. घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही, म्हणून तापमानाबरोबर आर्द्रता धरावी लागते. गोठ्यात जनावराच्या डोक्याच्या उंचीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र टांगा. उष्णतेच्या ताणाचा निर्देशांक असा: तापमान × ०.८, त्यात (आर्द्रता ÷ १००) × (तापमान − १४.४), त्यात ४६.४. घाटावरचे ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता म्हणजे ८१.५. कोकणातले ३३ अंश आणि ७० टक्के म्हणजे ८५.८. संकरित गायीला ७२ च्या पुढे, म्हशीला ७५ च्या पुढे ताण सुरू होतो. पावसाळ्यातले २७ अंश आणि ९० टक्केसुद्धा ७९ भरतात. जानेवारीच्या पहाटेचे १९ अंश आणि ८० टक्के ६५ वर येतात. कोकणात जनावराला खरा आराम एवढाच काळ मिळतो.

यंत्र नसेल तर दुपारी दोनला, जनावर बसलेले असताना, कुशीची हालचाल मिनिटभर मोजा. गायीचे श्वास ६० च्या वर किंवा म्हशीचे ४० च्या वर असतील तर दूध घटण्याचे कारण मिळाले.

उपाय निवडतानाही घाटावरची नक्कल करू नका. बारीक धुक्याचे फॉगर कोरड्या हवेत काम करतात. इथे ते गोठ्यातली आर्द्रता वाढवतात आणि फरशी ओली ठेवतात. कोकणात मोठे थेंब आणि वारा लागतो: पाठीवर एक-दोन मिनिटे पाणी सोडून कातडीपर्यंत भिजवा, मग दहा-बारा मिनिटे पंखा, पुन्हा पाणी. सकाळी अकरा ते चार या वेळेत हे चक्र चालवा. पाणी कासेवर ओघळू देऊ नका, आणि धारेच्या अर्धा तास आधी थांबवा. ओल्या कासेची धार काढली की ते पाणी सडाच्या तोंडातून दगडी घेऊन आत जाते. म्हशीला डुंबायला स्वच्छ पाण्याचा हौद असेल तर उत्तमच. भातखाचरातल्या साचलेल्या पाण्यात मात्र सोडू नका, तिथे गोगलगायी आणि त्यांच्याबरोबर यकृतकृमी असतात.

गोठ्याचे छप्पर कडेला किमान आठ फूट, मध्यात दहा-बारा. जुन्या मातीच्या गोठ्यांना चारी बाजूंनी भिंती असतात. वरचा दीड-दोन फूट भाग मोकळा करा, नाहीतर अमोनिया आणि वाफ कोंडते. पावसाळ्यात नैऋत्येच्या बाजूने झापे किंवा ताडपत्री लावा, पण वरची फट उघडी ठेवून. गायीला साडेतीन आणि म्हशीला चार चौरस मीटर छताखालची जागा.

पेंढ्याचा प्रश्न

कोकणातल्या कमी दुधामागे सर्वांत जास्त वेळा जे कारण निघते ते भाताचा पेंढा. त्यात प्रथिने ३ ते ४ टक्के, सिलिका भरपूर, आणि ऑक्झलेट इतके की चाऱ्यातला कॅल्शियम बांधला जातो. निव्वळ पेंढ्यावर असलेल्या जनावराची जात ओळखायला जाणे व्यर्थ आहे, कारण चांगले आणि वाईट रक्त दोन्ही तीन-चार लिटरवरच अडकतात.

नोव्हेंबर-डिसेंबरात उडवी रचण्याआधीच पेंढा प्रक्रिया करून ठेवा. १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. ताडपत्रीवर वीत-दीड वीत जाडीचा थर, त्यावर झारीने द्रावण, पायाने दाबणे, पुढचा थर, असे रचत जा. वरून ताडपत्रीने हवाबंद करून २१ दिवस ठेवा. प्रथिने ७-८ टक्क्यांपर्यंत जातात आणि पेंढा मऊ होतो. खायला देण्याआधी तासभर पसरून वास उडू द्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नका, आणि उरलेले द्रावण जनावराच्या वाटेवर ठेवू नका. दोन-चार घोटही जीव घेतात. बुरशी दिसली तर कारण बहुधा ताडपत्रीतली फट असते. तो भाग टाकून द्या.

जुलै-ऑगस्टमधल्या कोवळ्या गवतात ८० ते ८५ टक्के पाणी असते. पोट भरते, शेण पातळ होते, फॅट उतरतो, आणि केंद्रावर 'दुधात पाणी' असा संशय येतो. गवत देण्याआधी दोन-तीन किलो पेंढा द्या, फॅट आठवड्यात सावरतो. बांधावर गिरिपुष्प, शेवरी, सुबाभूळ लावून ठेवलीत तर उन्हाळ्यातली प्रथिने घरची मिळतात. एकूण हिरव्या चाऱ्यात त्यांचा पाला तिसऱ्या हिश्शाच्या पुढे नको.

खाद्याचा अंदाज: अंग राखायला दीड किलो, वर म्हशीला दर दोन लिटरला आणि गायीला दर अडीच लिटरला एक किलो पशुखाद्य. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. जांभ्या जमिनीवरच्या चाऱ्यात स्फुरद आणि सूक्ष्म खनिजे कमी पडतात, तेव्हा खनिज मिश्रण ही चैन समजू नका. पाणी दिवसभर समोर हवे. एप्रिलमध्ये दोनदाच पाणी दाखवणारा गोठा दूध तिथेच गमावतो.

रक्त की खाद्य, हे ठरवण्याची एक परीक्षा घेता येते. विल्यापासून पहिल्या १०० दिवसांत, जनावर निरोगी असताना, चालू खाद्यावर अर्धा किलो वाढवा. चार-पाच दिवसांनी दूध वाढले तर आणखी अर्धा किलो. असे वाढवत जा, दूध वाढायचे थांबेपर्यंत. दोन किलो वाढवूनही काही फरक नाही, अंगावर मात्र चरबी चढतेय, तर जनावराची मर्यादा आली. दूध चढतच राहिले तर आजवर तिला उपाशी ठेवून तिच्या जातीला नावे ठेवली गेली. शंभर दिवसांनंतर ही परीक्षा घेऊ नका. भर ओसरल्यावर दूध महिन्याला ७ ते १० टक्क्यांनी उतरतेच.

निकाल लावण्याआधी शेण तपासून घ्या. भातपट्ट्यात यकृतकृमी नेहमीचा. जबड्याखाली पाण्याची सूज ही उशिराची खूण, दूध त्याच्या कितीतरी आधी घटते. औषध पशुवैद्यकाकडून, दुधात किती दिवस उतरते ते विचारून. घटसर्पाची लस पावसाआधी, मे महिन्यात.

बाहेरून जनावर आणताना

हरियाणात किंवा घाटावर सर्वांत जास्त दूध देणारी म्हैस कोकणातही सर्वांत जास्त देईलच असे नाही. जागा बदलली की जनावरांचा क्रमही बदलतो. लहान अंगाची, तुकतुकीत, आधीच दमट भागात वाढलेली म्हैस निवडा. पंढरपुरी आणि सुरती बेताच्या चाऱ्यावर, कमी खर्चात तग धरतात. भरपूर हिरवा चारा आणि पंखा असेल तरच मुऱ्हा. दुसऱ्या वेताची, विऊन महिना-दीड महिना झालेली घ्या. आदल्या संध्याकाळची धार समोर उभे राहून शेवटच्या थेंबापर्यंत काढायला लावा, मग पुढच्या सलग दोन धारा काट्यावर मोजा. चारही सडांची पहिली धार काळ्या कापडावर घेऊन गुठळ्या पहा.

नोव्हेंबर ते जानेवारीतच आणा. जुन्या मालकाकडचे खाद्य दहा दिवसांपुरते बरोबर घ्या आणि हळूहळू आपल्या चाऱ्यावर न्या. तीन आठवडे वेगळी बांधा. अंगावरची गोचीड, ताप आणि लाल लघवी रोज पहा, कारण नव्या भागातल्या गोचीडतापाला तिच्या अंगात प्रतिकार नसतो. त्या वेताचे दूध वहीत लिहा, पण त्यावरून तिला गोठ्यातल्या इतरांशी ताडू नका. तुमच्या छपराखाली, तुमच्या पेंढ्यावर झालेले पुढचे वेत हीच तिची पहिली मोजता येणारी नोंद.